नेफ्यातलं बटण

मला वाचवलं ते आमच्या टेलरकाकांनी. हे अगोदर लिहून टाकतो, कारण गोष्ट सांगायला लागलो की मला मध्येच धडधडायला लागतं आणि ज्याच्याबद्दल सांगायचं तोच माणूस राहून जातो. पांढुर्ण्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. सगळं गाव 'मास्टर' म्हणतं, मी एकटा 'काका' म्हणतो. तर हे काका म्हणजे, ज्याचं माप घेता येत नाही अशी एकही वस्तू देवानं केलेली नाही, असं मानणारा भूतलावरचा शेवटचा माणूस. चाळीस वर्षं त्यांनी मशीन चालवली आणि त्या चाळीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही कपडा गिऱ्हाइकानं परत आणला नाही, हा त्यांचा एकुलता एक गर्व. "माह्या दुकानातून कपडा एकदाच बाहेर जाते," असं ते टेप गळ्यात अडकवत सांगायचे आणि समोरचा यावर काही बोलू शकणार नाही अशा खात्रीनं पुढच्या कापडाकडे वळायचे. तो कपडा परत आला. एक नाही, सात. आणि ते माझ्यामुळे.

काकांसोबत रस्त्यानं चालणं म्हणजे एक शिक्षाच असते. समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना दिसतच नाही. त्यांना दिसतात ते खांदे, बाह्या आणि पाठीवरची सुरकुती. लग्नाला गेले तर नवरदेवाबद्दल एवढंच म्हणणार, "डावा खांदा पाव इंच उतरला हाये, पण पोरगा चांगला वाटते." एकदा ओळखीतल्या कुणाच्या अंत्ययात्रेत सगळे मान खाली घालून चाललेले असताना ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "बेचाळीस छाती होती बिचाऱ्याची," आणि त्यांचे डोळे भरून आले. बाजारात टरबूज घेताना ते टेप काढतात. टरबूजवालाही आता सवयीनं टरबूज वर उचलून धरतो. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, काही विचारलं नाही. थोडा वेळ निरखून म्हणाले, "कोणाले भ्यायला लागला बे तू? खांदे कानापाशी येऊन राहिले तुह्ये."

खरंच भ्यायलो होतो मी. मी देवगडकडचा. आठवीत शाळा सुटली आणि आंब्याच्या पेट्या ठोकायला लागलो. एका ठेकेदारानं सांगितलं, तिकडं संत्र्याच्या पेट्यांचं काम आहे, चल. गाडीत बसलो तेव्हा मला वाटलं होतं, पांढुर्णा नागपूरच्या अलीकडे असेल. ते पलीकडे निघालं, आणि वर मध्य प्रदेशात. इथलं मराठी मला कळायला दोन महिने लागले. कुणी 'काय करून राहिला?' म्हटलं की मला वाटायचं, काहीतरी करायचं माझ्याकडून राहून गेलंय, आणि मी घाईघाईनं हातोडी उचलायचो. झोपायला ठेकेदाराचं गोदाम होतं, अकरा माणसांचं, छप्पर देवळासारखं उंच. तिथं मला रात्रभर वाटायचं की मी रस्त्याच्या मध्यभागी पडलो आहे.

अशात एक दिवस काका आमच्या पेट्यांच्या कारखान्यात आले आणि नेमके माझ्यासमोर उभे राहिले. आधी खांद्यांचं ते बोलून घेतलं.

"दोन घरं पाहिजेत," ते म्हणाले. "लेकरायसाठी. एवढी एवढी." आणि त्यांनी चार बोटं जोडून दाखवली.

"खेळण्यातली?"

"खेळण्यातली कायले? राहाची." मग खाली बसून त्यांनी खडूनं फरशीवरच नकाशा काढला. दार एकच आणि अंगठा जाईल एवढंच. छत खाली. "आत शिरताना पाठ छताले लागली पाहिजे, अन् दोन्ही कुशी भिंतीले. लूज नाई पाहिजे. नेफ्यात नाडी कशी बसते, तसं. लूज झालं का घाबरते ते."

मी चौदा वर्षांचा असल्यापासून लाकूडकाम करतोय, पण घर जितकं अडचणीचं तितकं चांगलं, असं सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा भेटलं. फळी उचलून त्यांनी तिचा वास घेतला आणि ती बाजूला टाकली. उग्र वासाचं लाकूड चालणार नाही. दुसरी घेतली. खिळ्याचं टोक आत आलेलं चालणार नाही. दार घासून इतकं गुळगुळीत हवं की काय सांगू. दोन दिवसांनी घरं तयार झाली तेव्हा त्यांनी खिशातून मलमलीचा एक तुकडा काढला आणि तो दारातून आत घालून बाहेर ओढला. एक धागा अडकला. "मलमल अडकली नाई पाहिजे," म्हणून त्यांनी घर परत केलं. तीनदा केलं. चौथ्यांदा मलमल सुळकन बाहेर आली तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चाल, आता लेकरं पाह्य."

आमच्याकडे दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. माझी आई तर भर दुपारीही म्हणत नाही. अशा घरातला मी, काकांच्या मागच्या खोलीत गेलो, आणि तिथं काचेच्या दोन पेट्यांत दोन शेंदरी पेन्सिली पडल्या होत्या. एका पेन्सिलीनं जीभ बाहेर काढली. पुढचं मला आठवत नाही. काका सांगतात की मी हातोडीसकट थेट स्टेशनच्या रस्त्याला लागलो होतो आणि ते मागून चहाचा ग्लास घेऊन येत होते.

ही पिल्लं कॉर्न स्नेक जातीची, मूळ अमेरिकेतली, बिनविषारी. काकांचा पुतण्या नागपूरला होता. तो परदेशी गेला आणि जाताना सगळे सरकारी कागद रीतसर काकांच्या नावे करून पिल्लं ठेवून गेला. काकांनी त्यांची नावं ठेवली काज आणि बटण. पेट्या वेगवेगळ्या, कारण ही जात एकएकटी राहते. मापाच्या वहीत गिऱ्हाइकांसारखं त्यांचंही पान आहे. उंचीच्या रकान्यात लांबी, आणि पुढं छाती, कंबर, सीट अशा तिन्ही रकान्यांत एकच आकडा. दर महिन्याला माप घेतात आणि चष्म्यावरून बघत म्हणतात, "वाढत्या अंगाचं हाये, घर उसवा लागन."

काकूंना मात्र हे मान्य नव्हतं. 'एक तर ते राहतील, नाहीतर मी,' असं त्यांनी काकांना सांगून पाहिलं. काका टेप गुंडाळत विचारात पडले. तो विचार फार लांबला म्हणून काकू सौंसरला लेकीकडे गेल्या. पण दर गुरुवारी डबा घेऊन येतात, उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि काका आत मशीनवर बसतात. अशा दोघांच्या तासभर गप्पा चालतात. मी एकदा भीत भीत विचारलं तर काकू म्हणाल्या, "सोडून कायची जाते मी? दुरून संसार करून राहिली."

त्या पहिल्या दिवशी चहा पाजून काकांनी मला खोलीत परत आणलं, तेव्हा ते मोठ्या काळजीत होते. काज जेवायचं, पण बटणानं तीन आठवडे तोंड उघडलं नव्हतं. पेटी चांगली ऐसपैस, पण लपायला एक प्लास्टिकची वाटी सोडली तर काही नाही. बटण दिवसभर काचेच्या कडेकडेनं फिरायचं, नाक घासत. काका म्हणाले, "एवढ्या मोकळ्यात कोणाले भूक लागन? त्याले वाटते, सारं जग पाहून राहिलं आपल्याकडं." हे ऐकून मी खिळे मोजत बसलो. आम्ही एक घर ठेवलं पेटीच्या उबदार बाजूला आणि दुसरं, अगदी तसंच, गार बाजूला. मी म्हटलं, एक पुरे की. तर म्हणाले, "नाई. एकच ठेवलं तर लेकरू इचारात पडते, लपू का शेकू? दोन्हीकडे सारखं पाहिजे, म्हणजे भीतीपायी थंडीत बसा लागत नाई." कात टाकायच्या दिवसांसाठी तिसरं, ओल्या चिंध्यांचं. मधल्या मोकळ्या जागेत चुरगळलेले कागद आणि दोऱ्याच्या रिळांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, एका घरातून दुसऱ्या घरात जाताना वाटेत उघडं पडू नये म्हणून. बटण पहिल्या दिवशी घरात शिरलं ते दोन दिवस दिसलंच नाही. तिसऱ्या दिवशी जेवलं. काका टेप हातात धरून रस्त्यावर धावले, "जेवलं! जेवलं!" समोरच्या पानठेलेवाल्यानं विचारलं, "कोणाचा उपास सुटला मास्टर?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, मी कुठं झोपतो. गोदामाचं सांगितलं. मागच्या अंगाला त्यांची कापडाचे तागे ठेवायची एक चिंचोळी खोली होती, ती त्यांनी रिकामी केली, खाट कोपऱ्यात दोन भिंतींना टेकवून लावली आणि पायथ्याशी तागे रचले. एकट्या परगावच्या मजुराला इथं कुणी खोली देत नव्हतं. मी 'भाडं किती' असं काहीतरी पुटपुटलो, तर ते माझ्या खांद्यांकडे बघत म्हणाले, "खाली आले पाह्य, दीड इंच."

आईला मी फोनवर सांगितलं, मालक चांगले आहेत, घरी काज आणि बटण अशी दोन लहान आहेत. खोटं असं काही बोललो नव्हतो. पण तेव्हापासून आई दर फोनला विचारते, "मुलं जेवतात ना रे? अंग धरलं का?" आणि मी खरं खरं सांगतो की बटणाचं जेवण अजून कमीच आहे. तिनं त्यांच्यासाठी उन्हात वाळवलेली फणसाची साठं पाठवली. ती काकांनी आणि मी खाल्ली. खाताना काका म्हणाले, "मायले सांग, लेकरायले गोड लागली."

नागपंचमीला तर मी खोलीची कडी लावून बसलो होतो, कारण गल्लीतल्या बायका दूध आणि लाह्या घेऊन दारात आल्या होत्या. काका आडवे उभे राहिले. "दूध नाई पचत त्यायले. अन् गर्दी तर अजिबात नाई पचत." बायका हलेनात. शेवटी काकांनी भिंतीवरचा फ्रेम केलेला वनखात्याचा कागद काढून आणला, खुर्चीवर ठेवला आणि म्हणाले, "यालेच कुंकू लावा. यात दोघांचं नाव हाये." लावलं बायकांनी. अजून त्या कागदावर सही कुठली आणि कुंकू कुठलं ते कळत नाही.

मग काकांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू. सुई ओवायला मला हाक मारायला लागले, पण शिलाई मात्र बोटांनीच सरळ जायची. नदीपलीकडच्या सावरगावच्या अंगणवाडीतल्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं. त्यांचे सात परकर, इथं पेटीकोट म्हणतात ते, काकांनी ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी पुरे केले, इस्त्री केले आणि मागच्या खोलीत इन्व्हर्टरवरच्या फळीवर गठ्ठा ठेवून दिला. नाड्या घातल्या नव्हत्या. त्या गिऱ्हाईक घरी घालतं. "सकाळी बाईले नेऊन दे," मला म्हणाले, "अन् लेकरायवर नजर ठेव." काकू सौंसरहून आल्या आणि दोघं नागपूरला गेले.

आता माझी चूक सांगतो. बटणाच्या पेटीची जाळी फाटली होती म्हणून आठवडाभर आधी मी लाकडी झाकण करून दिलं होतं. संत्र्याची असो की आंब्याची, पेटी ठोकताना दोन फळ्यांमध्ये फट ठेवावी लागते, नाहीतर फळ घुसमटून सडतं. आम्हा पेटीवाल्यांचा हात ती फट न विचारता ठेवतो. झाकणाला मागच्या बाजूनं, भिंतीकडे, मी अडीच सुताची, पेन्सिल जाईल एवढी, फट ठेवली होती. मला ती दिसली नाही कारण माझ्या डोळ्यांना फट असलेलीच फळी बरोबर वाटते, आणि काकांना दिसली नाही कारण त्यांना काहीच दिसत नव्हतं.

परकर सकाळी देऊन मी कामाला गेलो. दुपारी पाणी बदलायला आलो आणि रोजच्यासारखं घर उचलून पाहिलं. रिकामं. दुसरं उचललं. रिकामं. ओल्या चिंध्या, नळ्या, कागद, सगळं रिकामं. तेव्हा फटीतून उजेड दिसला.

खाटेखाली, मशीनच्या पेटाऱ्यात, तागे उलगडून पाहिले. डोक्यात एकच विचार, काका येतील, विचारतील, आणि मी काय सांगणार. आणि दुसरा, की गल्लीत कुणाला आधी दिसलं तर काठीच पडेल, कागद बघायला कोण थांबणार? मग मी खाली बसलो आणि काका सांगतात तसा विचार करून पाहिला. मी एवढासा आहे. परक्या खोलीत आलोय. सगळं उघडं आहे. कुठं जाईन? जिथं ऊब असेल आणि चारी बाजूंनी अंग दाबलं जाईल तिथं. फटीच्या अगदी खाली इन्व्हर्टर होता. त्यावर फळी. फळीवर रात्रभर सात परकर होते, आणि प्रत्येकाचा नेफा दोन्ही तोंडांनी उघडा.

जाम नदीच्या पुलावरून मी कसा धावलो ते मला माहीत नाही. एका माणसानं विचारलं, "कुठं आग लागली का भाऊ?" मी हो म्हणालो.

बाई ओसरीवर बसल्या होत्या आणि त्यांची मुलगी सेफ्टीपिनला नाडी बांधून नेफ्यात ओवत होती. एक परकर झाला होता. दुसऱ्यात पिन अर्ध्यावर.

"काय गा पोरा, धापा कायले टाकून राहिला?"

"बाई, ते परकर परत द्या. काकांनी मागितलेत. नेफा... नेफा चुकलाय."

"कोण म्हणते?"

"काका."

"मास्टर नागपूरले दवाखान्यात डोळ्याले पट्टी बांधून पडला हाये, अन् त्याले इथला नेफा दिसला?"

मुलगी खुदकन हसली आणि हसता हसता पिन दोन बोटं पुढं सरकवली.

"थांबा!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं मी जन्मात ओरडलो नसेन.

"लग्नाच्या कपड्यावर वरडते का रे!" बाई उठल्या, फोन घेतला आणि लावला. काकूंनी उचलला. "हा तुमचा कोकणातला पोरगा दारात वरडून राहिला. पेटीकोट परत मागते. मास्टरले द्या, मीच इचारते." आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"हां बाई, बोला," काकांचा आवाज आला.

मी फोनवर जवळजवळ पडलोच. "काका, बटण नाहीये. झाकणाला मी फट ठेवली होती. सगळीकडे पाहिलं. मला वाटतं, नेफ्यात गेलंय."

मग मागून काकूंचा आवाज, "अगाई! जिवंत हाये ना पण?"

"कोण जिवंत?" बाई म्हणाल्या. "अन् पेटीकोटाले बटण कायले लावता मास्टर?"

"नाई लावत बाई," काका सावकाश बोलायला लागले. "राहून गेलं आत. ऐका, पोरीले म्हणा, पिन हाये तिथंच सोड. ओढू नको, ढकलू नको."

"अवो, बटणच ना? मी दाबून दाबून पाहते. हाताले लागलं का काढून टाकते." आणि त्यांनी खरंच एक परकर मांडीवर घेतला आणि नेफा चिमटीत धरला.

"दाबू नका!" काकाही ओरडले. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "बटणाचं जाऊ द्या. नेफाच चुकला हाये. चार सूत कमी झाला. सातही चुकले. माह्यी चूक हाये बाई. परत पाठवा."

बाईंची चिमटी सुटली. त्या फोनकडे बघत राहिल्या. "मास्टर, तुम्ही चुकले?"

"डोळे, बाई. दिसलं नाई."

बाईंनी मांडीवरचा परकर बाजूला ठेवला. मग बाई म्हणाल्या, "अशा डोळ्यानं लग्नाचं काम नव्हतं घ्याले पाहिजे तुम्ही."

"नव्हतं पाहिजे," काका म्हणाले.

तो आवाज मी विसरणार नाही. चाळीस वर्षं ज्या माणसानं कुणाला एक टाकाही दाखवू दिला नव्हता, तो दवाखान्यातल्या खाटेवरून, दोन मिनिटांत, न केलेली चूक कबूल करून मोकळा झाला होता. मी सातही परकर गोळा केले. मुलीनं पिन तशीच राहू दिली. नव्या बाळाला धरावं तसं गाठोडं छातीशी धरून मी पूल ओलांडला. घाई करवत नव्हती आणि थांबवतही नव्हतं.

घरी येऊन एकेक नेफा उजेडासमोर धरला. पाचवा लाल परकर. नेफ्याच्या अगदी मध्ये एक गाठ होती, नाडीपेक्षा जाड, आणि ती हलली. मी फोन लावला. "ओढू नको," काका म्हणाले. "त्याचं घर नेफ्याच्या तोंडाशी ठेव अन् दूर सरक. त्याले वाटलं पाहिजे का कोणी पाहून नाई राहिलं." मी भिंतीकडे तोंड करून बसलो. दोन तास. एकदाच वळून पाहिलं तेव्हा शेपटीचं टोक घराच्या दारातून आत जात होतं, कुठंही न अडकता.

काका आले ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन. झाकण मी तोवर बदललं होतं, पण जुनं फेकलं नव्हतं. समोर ठेवलं आणि मान खाली घालून उभा राहिलो. मनातल्या मनात पिशवी भरूनही झाली होती. त्यांनी फटीवरून बोट फिरवलं. "अरे," म्हणाले, "तू तर संत्र्याची पेटी केली." मग हसले. "सापाले हवा पाहिजे लेका, रस्ता नाई." एवढंच. काकू उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "त्याले काई बोलू नका. पोट्ट्याचं तोंड पाहा कसं झालं ते." आणि खुर्चीवरून जरा पुढं वाकून, पहिल्यांदाच, बटणाच्या पेटीकडे त्यांनी लांबूनच पण नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी परकर मागितले. मी म्हटलं, काही बिघडलेलं नाही, तसेच देऊन टाकू. ते म्हणाले, "चुकला म्हणून सांगतलं तर उसवा लागन." मी सुई ओवून देत गेलो आणि त्यांनी एका डोळ्यानं सातही नेफे उसवले, आणि तेवढ्याच मापाचे पुन्हा शिवले. एका सुताचा फरक नाही. मी नेऊन दिले. बाईंनी नाडी ओढून पाहिली आणि मान डोलावली, "आता पाह्य कसा बराबर बसला!"

लग्न झालं. पण गोष्ट सावरगावात राहिली नाही. "मास्टर, नेफा पाहून घ्याजा हो," असं आता कुणीही म्हणून जातं आणि काका हसून टेप गळ्यात अडकवतात. पलीकडची लग्नाची शिलाई बहुतेक सौंसरला जायला लागली. कपडा एकदाच बाहेर जातो, हे वाक्य मी त्यानंतर त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. मी खूपदा म्हटलं, बाईंना खरं सांगून येतो. ते ऐकत नाहीत. "लग्नाच्या कपड्यात शिरलं होतं म्हणून सांगशीन तर उद्या लोक दांडे घेऊन येतीन. माह्यं नाव का, जुनं झालं होतं. लेकरायले अजून लय दिवस राहा लागते."

लय दिवस म्हणजे वीस वर्षं जगते म्हणे ही जात. काका सत्तरीला आले आहेत. दुपारी काम नसलं की ते दोन्ही पेट्यांसमोर स्टूल टाकून बसतात, नव्या डोळ्यानं बघत. त्यांच्या मनात काय चालतं ते मला माहीत आहे, आणि ते मला विचारणार नाहीत हेही माहीत आहे.

म्हणून इथं लिहून ठेवतो. आमच्या कोकणातला हा छोटा अंक जाम नदीपर्यंत पोचत नाही, या भरवशावर लिहितो आहे. काका, तुमच्यामागं काज आणि बटण माझ्याकडे राहतील, मी जिथं असेन तिथं. त्यांची घरं मी वाढवत जाईन, मलमल फिरवून. आणि ज्या दिवशी ती दोघं आपलं आयुष्य सुखानं पुरं करतील, कुणाच्या काठीची भीती उरणार नाही, त्या दिवशी मी पांढुर्ण्याला येईन, पूल ओलांडून सावरगावला जाईन, बाई असतील तर बाईंना, नाहीतर त्यांच्या लेकीला हाक मारीन, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगेन की मास्टरचा नेफा पहिल्यापासून बरोबर होता.